दारापाशीचे थेंब

सर, तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या घरातले डाग मीच वाचले. हे सांगायला इतकी वर्षं लागली.

मी फॉरेन्सिकमध्ये तुमच्या हाताखाली आले ती कापसाची वाईट वर्षं होती. जिल्ह्यात कुठे माणूस गेला की ठाण्यात आधीच ठरलेलं असायचं, औषध प्यायला असंल. रक्त दिसलं तरच आपल्याला बोलावणं यायचं. ते वाचायला तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात शिकवलंत. खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं रक्त, फरशीवर पांढरे कागद आणि हातात ड्रॉपर घेऊन स्टुलावर उभे तुम्ही. सरळ पडलेला थेंब गोल उमटतो. तिरका आलेला लांबट होतो, आणि तो कुठे निघाला होता ते त्याची शेपटी सांगते. काकू दारातून बघत होत्या. आज स्वयंपाक अंगणातल्या चुलीवर, एवढंच म्हणाल्या.

मग महागावकडचं ते घर. भाव नाही म्हणून न विकलेला कापूस पत्र्यापर्यंत रचलेला, खाली थोरला भाऊ मरून पडलेला, डोकं फुटलेलं. धाकट्याचा सदरा रक्तानं भरलेला, म्हणून त्याला धरून ठेवलं होतं. दोघांचं वाटणीवरून भांडण सगळ्या गावाला माहीत. मी तुम्हाला हळूच म्हणाले, सर, यानंच मारलं. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्याकडे वळलात.

"पोरी, तुले आरोपी पाह्यजे का डाग? रक्त लागनं वेगळं अन् उडनं वेगळं."

माझे कान तापले. तुम्ही सदरा उन्हात धरलात. छातीवर नि पोटावर पुसल्यासारखे रुंद डाग होते, बारीक शिंतोडा एकही नाही. पुन्हा पुन्हा मारलं असतं तर हत्यारावरून उडालेल्या थेंबांच्या ओळी भिंतीवर, पत्र्यावर दिसल्या असत्या. तिथे काहीच नव्हतं. रक्त होतं ते पाट्याच्या दगडी कडेला आणि त्याच्याखाली. थोरला गळका पत्रा बघायला ढिगावर चढला आणि घसरला. धाकट्यानं त्याला मांडीवर घेतलं होतं. तो सुटला तेव्हा तुमच्या पाया पडायला आला, पण तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत, गाडीत जाऊन बसलात. मला तेव्हा तुम्ही कोरडे वाटलात.

काकू गेल्या, मुलगी पुण्याला, तुम्ही निवृत्त. सुरुवातीला मी दर रविवारी यायची. मग महिन्यातून एकदा. तुम्ही दोन कप चहा मांडून ठेवायचात, आणि मी घड्याळ बघायची.

एका सोमवारी सकाळी दूधवाल्याला कोणी दार उघडेना, पोलीस मागचं दार तोडून आत गेले. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं, मला पाठवलं. मी त्या मागच्या दारातच उभी राहते. कोणीतरी म्हणतं, मॅडम, तुम्हाला जमणार नसेल तर राहू द्या. मी हातमोजे चढवते. न्हाणीच्या उंबऱ्याला रक्त आहे, तिथे तुम्ही पडलात. तिथून स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत गोल थेंब, एकाजवळ एक. म्हणजे उठलात, आणि फार हळू चाललात. कडीवर बोटांचे पुसट डाग, कडी मात्र तशीच लागलेली. दाराशेजारच्या खुर्चीपाशी थेंबावर थेंब पडून डाग पसरलेला. सर, तिथे तुम्ही बराच वेळ बसला होतात, दाराकडे तोंड करून.

रिपोर्टात मी सगळं खरं लिहिलं. अपघात, बाहेरचं कोणी आलेलं नाही. तुमच्या मुलीनं तो वाचला नाही, मलाच विचारलं, "बाबांना त्रास झाला का हो?"

मी म्हणाले, "नाही. पडले आणि गेले."

तुम्ही मला कधी खोटं वाचू दिलं नाहीत, आणि मी तुमच्याच डागांबद्दल खोटं बोलले. त्याचं मला वाईट वाटत नाही. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच.

वाईट वाटतं ते दुसऱ्याचं. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी तुमच्याकडे यायला निघाले होते. चपला घातल्या होत्या. ऊन फार आहे म्हणून काढून ठेवल्या.