टार्व्हर कोचचा मनोरा

कॅल्व्हर्ट, अलाबामा
गुरुवार

प्रिय आई,

मी बरा आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? शेजारची लुरलीन येऊन जाते ना?

टार्व्हर कोचना मातीआड करून महिना झाला, तरी त्यांच्या जागी कोण यावरून गाव भांडतंच आहे. न्हावी ओटिस माझ्या तोंडावरच म्हणतो, "टेक्सासचा तो कोच आणा. या रॉइसने मदतनीस म्हणून जन्मभर म्हाताऱ्याची पिशवी धरली, तो काय फुटबॉलचा संघ चालवणार?" मी त्याच्याच खुर्चीत बसलो होतो, गळ्याशी वस्तरा. बोलणार काय?

शेवटी कॉलेजने तोडगा काढला. सरावाच्या मैदानातला लोखंडी मनोरा तुला आठवत असेल. त्यावर टार्व्हर कोच उभे असले की खाली कुणी चालायचं नाही, पळायचंच. म्हणून दोघांनाही वर चढवून बघायचं ठरलं. टेक्सासवाला चढला, तर पोरं रमतगमत चालत राहिली. काल मी चढलो आणि सगळा संघ जीव तोडून पळायला लागला. अध्यक्षांनी खालूनच टोपी हलवली. जागा मला मिळाली, आई.

मी खाली उतरलो तरी पोरं पळतच होती. कॅप्टनला म्हटलं, "बास आता, मी उतरलोय."

मनोऱ्यावरची नजर न काढता तो धापा टाकत म्हणाला, "तुम्ही उतरलात, कोच. ते नाही उतरले अजून."

उद्यापासून रोज वर चढायचंय. माझी जुनी खोली एवढ्यात कुणाला देऊ नकोस.

काळजी करू नकोस म्हणणारा,
तुझा रॉइस