स्मरणिकेसाठी दुसरा फोटो

नॉटिंगहॅम
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय शशिधर,

सप्रेम नमस्कार. तू आणि मंडळातले सगळे मजेत असाल. गडहिंग्लजला दिवाळीची झाडलोट सुरू झाली असेल. इथे हीटिंग लावायचं की नाही यावर लेक-जावयाचे, सीमा आणि कर्टिस यांचे, रोज वाद सुरू झालेत, म्हणजे थंडी आली असं समजायचं. माझा गुडघा बरा आहे.

तुझे मिस्ड कॉल पाहिले. मुद्दामच घेतले नाहीत. फोनवर तू "ताई, ऐका तर" म्हणतोस आणि मग मीच ऐकत बसते. म्हणून लिहिते आहे. सीमा या कागदांचे फोटो काढून तुला पाठवेल. स्मरणिकेतल्या माझ्या पानाचं काय करायचं असं तू विचारतो आहेस. त्याकडे येते. आधी मला जरा भडाभडा बोलू दे, कारण या घरात सध्या माझं ऐकणारं कुणी नाही.

माझ्या नातीच्या डोक्याचं तुला अर्धवट माहीत आहे. आता पूर्ण ऐक.

तनू चौदा वर्षांची. रंगानं, उंचीनं आणि केसांनी बापावर गेलेली. कर्टिसचे आईवडील जमैकाहून इथे आले, हे तुला ठाऊक आहेच. केस इतके दाट आणि घट्ट कुरळे, की मी इथे राहायला आले तेव्हा हौसेनं वेणी घालायला बसले आणि माझ्या कंगव्याचे दाते आतच राहिले. पुढे शाळेतल्या मुलींचं बघून तिनं औषध लावून केस सरळ करून घेतले. ते गेल्या थंडीत मुठी-मुठीनं तुटायला लागले, तेव्हा वैतागून तिनं सगळेच कापून टाकले. दोन बोटं उरले. मी खूश! सुटसुटीत डोकं, चेहरा कसा उघडा झाला.

आणि जूनमध्ये बाईसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "आजी, मी लॉक्स ठेवणार." लॉक्स म्हणजे जटा, शशिधर. माझ्या घरात. उभ्या जन्मात बायकांच्या जटा सोडवता सोडवता माझी बोटं वाकडी झाली, आणि ही पोर म्हणते, मला करून हव्यात.

मी म्हटलं, अगं, एवढ्याशा केसांना धरणार कुठून? तर असे आखूड, घट्ट केसच म्हणे सुरुवातीला उत्तम. हे काम कर्टिसच्या आईनं केलं. सगळी गल्ली त्यांना मिस आयव्ही म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांनी तनूला सोफ्यापुढे खाली बसवलं, शेपटीच्या कंगव्यानं डोक्यावर वाफे पाडावेत तसे चौकोन पाडले, एकेका बटेला जेलचा ठिपका लावला आणि कंगवा मुळाशी घालून गोल गोल फिरवत टोकापर्यंत आणला. अख्खी दुपार गेली त्यात. त्यानंतरची पथ्यं तर विचारू नकोस. सुरुवातीचे पंधरा दिवस डोक्याला पाणी नाही. झोपताना सॅटिनची टोपी. दर महिन्याला मुळं पुन्हा पिळायची. सहा महिने-वर्षभर हे केलं की मग बट बसणार! आपल्याकडे जे निव्वळ आबाळीनं होतं, ते ही मुलगी वेळापत्रक लावून करते आहे. मी डोक्याला हात लावून बसले.

गप्प बसले असते तर मी कसली? एका रविवारी मिस आयव्हींकडे जेवायला गेलो होतो, तिथे मी आपलं जुनं भाषण ठोकलं, इंग्रजीत. केसांत देवी येत नाही, विंचरलं नाही की गुंता होतो, तेल-मळ साचला की तो घट्ट होतो, भिऊ नका, कात्री लावा. मिस आयव्हींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हिच गॉडेस, डार्लिंग?" कर्टिसला ठसका लागला. मग त्या म्हणाल्या, "गॉड गेव्ह द चाइल्ड दॅट हेअर." आता देवाचं नाव निघाल्यावर मला आणखीच चेव आला. सीमानं टेबलाखालून माझा पाय दाबला, तोही नेमका दुखऱ्या गुडघ्याचा.

तनू मात्र सरळ बोलली. "आजी, मी कुठे देवी म्हणाली? दिस इज नॉट युअर कॅम्पेन. इट्स माय हेअर."

एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, तुला सांगते. घरी आल्यावर मी तिचं डोकं तपासलं. सवयच ती. प्रत्येक बट आपापल्या जागी, मधली कातडी स्वच्छ, ना वास, ना खपली, ना ऊ. आपण सोडवलेल्या जटांखाली काय काय निघायचं ते तूही पाहिलं आहेस. मला रागवायला काहीतरी हवं होतं आणि काही सापडेना.

सप्टेंबरात मिस आयव्ही बसमधून उतरताना पडल्या. मनगट प्लास्टरमध्ये. तनूची मुळं पिळायची वेळ झालेली, सीमाला वॉर्डवर जादा ड्युट्या, कर्टिसला यातलं ओ की ठो कळत नाही. पोर माझ्याकडे आली. "आजी, तू करते का?" मी नाक मुरडलं, पण बसले. व्हिडिओ लावला, चष्मा लावला. बोलत बोलत छान चाललं होतं. तेवढ्यात ती ओरडली, "आजी, व्हॉट आर यू डूइंग? तू सोडते आहे!" खाली बघते तर माझ्या हातात तीन बटा मोकळ्या. बोटांना गाठ लागली आणि बोटांनी ती उकलली, मला पत्ताच नाही. तिची तीन महिन्यांची मेहनत होती ती. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करेल. तर ती इतकी हसली, इतकी हसली, की मलाही हसू आवरेना. पुन्हा पिळून दिल्या मी त्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन म्हणाली, मैत्रिणींना बॅक साइड आवडली. पाठीमागचा भाग सगळा माझा होता.

इथवर लिहून मी चहाला उठले. मग कपाट आवरलं. आता आवरण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा लिहिते.

तुला मी आधी जो फोटो पाठवला होता तो ऑगस्टमधल्या तिच्या वाढदिवसाचा. मी खुर्चीत, सीमा आणि कर्टिस एका बाजूला, तनू दुसऱ्या बाजूला, माझ्या खांद्यावर हात ठेवून. तू फोन केलास. म्हणालास, "ताई, फोटो झकास आहे, पण जट निर्मूलनाच्या स्मरणिकेत नातीच्या डोक्यावर जट? लोक टपलेलेच आहेत. जरा दुसरा बघा ना." मी पुजाऱ्यांशी भांडलेली बाई, सरपंचाला दारात उभं करून सुनावणारी बाई. तुझ्याशी भांडले नाही. "बघते" म्हटलं. आणि दुसरा फोटो शोधलाही नाही. फोनमध्ये फोटोची कड बोटानं आत ढकलली की माणूस जातं. मला फोनमधलं फारसं काही येत नाही, पण हे नेमकं आलं.

मग तू पानं पाहायला पाठवलीस. माझा फोन माझ्यापेक्षा तनूच्या हातात जास्त असतो. तिनंच उघडलं. "डॅड, लुक, आजी इज फेमस!" म्हणून ओरडत खाली आली, आणि जिन्यातच थांबली. माझ्या खांद्यावर चार बोटं होती, जांभळं नेलपॉलिश लावलेली. पुढे कुणी नव्हतं.

"आजी, हा हात कुणाची आहे?" तिनं विचारलं. एरवी मी तिचं मराठी तिथल्या तिथे सुधारते. त्या दिवशी ते राहूनच गेलं. मग काहीबाही बोलले, की पानावर बसत नव्हता, छापखान्यानं केलं असेल. शशिधर, मी त्या मुलीशी खोटं बोलले, आणि तिला ते कळलं.

ती म्हणाली, "माझे केस तू चुकून सोडले. फोटो चुकून नाही." आणि वर गेली.

तेव्हापासून माझ्याशी फार सभ्यपणे बोलते. "येस, आजी." "नो, थँक यू, आजी." याहून भांडली असती तर बरं झालं असतं. डिसेंबरात माझ्या सत्काराला म्हणून ती यायची होती, तिकिटं काढून झाली आहेत. आता म्हणते, मी मिस आयव्हींकडे राहीन. केस स्वतःच पिळते, बाथरूमच्या आरशापुढे. मागे हात पोचत नाही, वाकडंतिकडं होतं. दाराबाहेर मला तिचे वैतागाचे सुस्कारे ऐकू येतात आणि मी आत जाऊ शकत नाही.

नेसरीची ती बाई आठवते? तिचा नवरा म्हणाला होता, धरा हिला आणि टाका कापून. तू तेव्हा कॉलेजात होतास, कात्री तुझ्या हातात होती. ती नको नको म्हणत होती, आणि तू कात्री पिशवीत टाकलीस. "तिचं डोकं आहे," असं तू म्हणालास, मी नव्हे. आपण हात हलवत परत आलो, मंडळात बोलणी खाल्ली, आणि आपलं काही चुकलं असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही. मग आता आपल्याला काय झालं? कुणाच्या भीतीनं आपण एका पोरीला कापलं?

गैरसमज नको. मला त्या जटा आवडायला लागल्या आहेत असं मुळीच नाही. वेणी घातली असती तर मला अजूनही आनंद झाला असता. पण मी माझ्या नातीला लपवलं, हे मला झोपताना आठवतं आणि उठताना आठवतं. मला माझी लाज वाटते. थोडी तुझीही वाटते, हे मोठी बहीण म्हणून ऐकून घे.

सोबत पूर्ण फोटो पाठवते आहे. हाच छाप. खाली तिचं नाव घाल. कुणी विचारलं तर उत्तर मी देईन, व्यासपीठावरून देईन, तुला तोंड उघडावं लागणार नाही. बैठकीत कुणाचा आक्षेप असेल तर माझं पान काढून टाका आणि शाल-नारळ दुसऱ्या कुणाला द्या. रुसून नाही म्हणत, विचार करून म्हणते.

काल मी तिला बाथरूमच्या दाराबाहेरून विचारलं, "तनू, येशील का गं माझ्याबरोबर?" पाणी बंद झालं. "डू दे वॉन्ट मी देअर?" मी म्हटलं, मला हवी आहेस. ती म्हणाली, "दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."

तेव्हा तिच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे आहे. ते मला कळवू नकोस, तिलाच लिही. नंबर सीमा देईल. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल, पण उगाच गोड लिहू नकोस, तिला ते लगेच ओळखू येतं. तिची खुर्ची मांडणार असलास तरच माझी मांड.

तुझी वीणाताई,
म्हणजे तनूची आजी