दादाची घंटा

१८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुम्ही आणि छकुली बऱ्या असाल असं धरून चालतो. मी ठीक आहे. ऑफिसात दादाची खुर्ची अजून कोणाला दिलेली नाही.

त्या दिवशी तुमच्याकडून निघताना तुम्ही दारात विचारलंत, "भाऊजी, त्या कामात ह्यांची खरंच चूक होती का हो?" मी "जाऊ द्या ना वहिनी" म्हणून चपला घातल्या. त्याबद्दल लिहितो आहे.

आमच्या प्रोग्रॅममध्ये, औषधांच्या शीतगृहात गरमी वाढली की घंटा वाजवायची, एवढा भाग दादाचा. बाकी सगळं जोडायचं काम माझं. आपण लिहिलेलं मशीनला समजेल असं करणारा कंपायलर बारीकसारीक सूचनाही देतो. त्यातली एकही आली तरी चूक धरून थांबायचं, असं मी त्याला अगदी आरंभीच बजावून ठेवलं होतं. दादा हसायचा. "हेडमास्तर, आधी हजेरी तरी होऊ दे, मग छड्या मार."

प्रोग्रॅम बांधण्याआधी आपोआप तपासणी होते. मशीनवर घंटेची सोय आहे का, हे चार ओळींचा नमुना बांधून बघतात. त्या नमुन्यात एक नाव लिहिलेलं होतं, पण कुठे वापरलेलं नव्हतं. त्यावर कंपायलरनं सूचना दिली; एरवी तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं. माझ्या नियमामुळे नमुना नापास झाला. तपासणीनं "सोय नाही" अशी नोंद केली आणि दादाचा भाग गुपचूप गाळून टाकला.

साहेबांना काम दाखवताना घंटा वाजली नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "दादानं काम पुरं केलेलंच नाही." तो एवढंच म्हणाला, "तपासणीची नोंद एकदा उघडून बघ रे." मी बघितली नाही. त्यानं नोकरी सोडली, आमचं बोलणं तुटलं.

नंतर नवीन मशीन लावताना ती नोंद उघडली. सगळं त्यात लिहिलेलं होतं. ते कडक बजावणं मी तपासणी संपल्यानंतर लागू होईल असं सरकवलं, आणि घंटा वाजली. इतकी मोठ्यानं की शेजारच्या खोलीतले धावत आले.

वहिनी, तेव्हा दादा होता. चांगला धडधाकट होता. फोन हातात घेऊन मी रोज ठरवायचो, आज नको, उद्या. धाकट्यानं थोरल्याची माफी मागायची, त्यात अवघड काय होतं? असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी दादा गेल्याचा तुमचा फोन आला.

चूक माझी होती, असं साहेबांना लिहून दिलं आहे. त्याची प्रत सोबत आहे. छकुली मला म्हणाली होती, "काका, बाबा काम विसरले होते ना?" तिला मी समोर बसून सांगेन. रविवारी येतो. तुम्ही आत घेतलंत तरच.

दादाला जे सांगायचं होतं ते तुम्हाला लिहिणारा,
तुमचा धाकटा दीर