न कापलेली प्रत

३ डिसेंबर २०२४
सकाळच्या बसने सिन्नरहून आले. इंदिरानगरात किशोर सरांचं दोन खोल्यांचं ऑफिस, मला खिडकीजवळचं टेबल. पहिलीच नोकरी आणि तीही कार्टूनची, आई ऐकून हसतच होती. पन्नास वर्षांपूर्वीची मुलांची फिल्म आहे. एक कोल्हा मुसळ घेऊन माळावरच्या जनावरांमागे लागतो. मुसळ बसलं की तारे फिरतात आणि जनावर टुणकन उठतं. सेन्सॉरच्या वेळी कापलेले चार तुकडे सरांना एका पत्र्याच्या डब्यात मिळालेत. ते मी जागच्या जागी जोडायचे. मग फिल्म पुन्हा अख्खी दाखवणार.

५ डिसेंबर
पहिला तुकडा जोडला. अकरा सेकंद. मुसळ सशाला बसतं आणि ससा उठत नाही. कोल्हा वाट बघतो, पायाने त्याला उलटवतो, निघून जातो. सरांना बोलावून दाखवलं. सर म्हणाले, लोक यासाठीच तर बघणार.

६ डिसेंबर
अन्सारचाचा आले होते. चाळीस वर्षं थिएटरात रिळं जोडलेला माणूस. डबा त्यांचाच. ते नमाजला गेलेले असताना सरांनी त्यांच्या सुनेकडून, अफिफाकडून, गोड बोलून आणला. सर त्यांना दंडाला धरून बाहेर काढत होते, तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, सेन्सॉरनं एकच तुकडा काढायला सांगितला होता. बाकीचे तीन मी कापले. पहिल्या खेळाला ते फिल्ममध्ये नव्हतेच, नंतर आपोआप आले."
सरांनी दार लावलं. मला म्हणाले, घाबरत असशील तर सिन्नरच्या बस दिवसभर असतात.

९ डिसेंबर
मी एकच तुकडा जोडलाय. तीन अजून डब्यात आहेत, मोजून बघितले. तरी आज शेळीही उठली नाही.

१० डिसेंबर
कोंबडी. मग गाढव. आता माळावर कोल्हा एकटा. थांबतो, समोर बघतो. खुर्ची सरकवली की त्याची नजर सरकते.
सरांना सांगितलं. चिडले. मला चहा सांगायला पाठवून स्वतः बघायला बसले. मी परत आले तर सर टेबलावर पालथे.

११ डिसेंबर
डॉक्टर म्हणाले, टाळूवर जड काहीतरी बसलंय. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पोलीस मलाच विचारत होते.
सर उठले नाहीत.

१२ डिसेंबर, दुपार
किल्ली माझ्याकडे होती. जोडलेला तुकडा काढून टाकला. काही बदललं नाही. माळावर पाच जण पडलेत. पाचव्याच्या अंगात सरांचा चौकड्यांचा शर्ट.
अफिफाला फोन केला. ती चाचांना घेऊन निघालीय. चाचांचा निरोप — बंद करू नकोस, नजर हटवू नकोस, बघत राहिलं की कोल्हा हलत नाही.
उभा आहे. हलत नाही.
मला काही झालं तर — डबा जाळा, परत कुणी जोडू —
लिहायला खाली बघावं लागतं. वर बघितलं की दरवेळी तो मोठा —
आता पडद्यात नुसते पाय मावतात. मुसळ