चौथीच्या रांगेतलं पोतं

१ मे, संध्याकाळ

निकाल लागला. आमच्या शाळेत खोली एक, मास्तर मी एकटा, आणि वर्ग चार. पहिली फळ्यापाशी, चौथी दाराशी. पास झालेलं पोर आपलं बसायचं पोतं उचलून पुढच्या रांगेत टाकतं, तोच आमचा समारंभ. यंदा दुष्काळानं अर्धी घरं कामाला बाहेर गेली. चौथीत एकटी सुशीला उरली होती.

सगळ्यांची पोती सरकली. ती मात्र पोतं कवटाळून दारात उभी. "गुर्जी, म्या कुठं टाकू?"

म्हटलं, "इथलं संपलं की. आता पाचवीला शिरूरला जायाचं. तिथं बाकडी हायेत."

"मंग हे तुमालाच ऱ्हाऊ द्या." पोतं परत चौथीच्या रांगेत अंथरलं आणि पळाली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. का बघावं?

आमचा पोरगाही याच रांगेतून गेला. सातवीपर्यंत शिरूर, दहावीपर्यंत अहमदपूर, आता अकरावीला लातूर. त्याला भाकरी करून घालायला बायकोही तिकडंच खोली घेऊन राहते. लातूर जिल्हा झाला तेव्हा मीच पेढे वाटले होते, आता सगळं जवळ आलं म्हणून! आलं कुठं?

कुलूप लावायला गेलो तर पोतं तिथंच. त्यावरच बसून दुपारची उरलेली भाकरी खाल्ली. शेवटी उठलो, पोतं झटकून उचललं आणि तिच्यासारखाच दारात उभा राहिलो. कुठं टाकू?