रेनांतेच्या बदल्यात रुबेन

मियागाओ,
१० जून १९८४

चि. अर्नुल्फो यास मानांग फेलीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र आणि साबणांचं खोकं पोचलं. अर्धे साबण शेजारीपाजारी गेले, उरलेले मी कपड्यांखाली दडवलेत. बर्फाचा कारखाना ठीक चाललाय, वीज जाते तेवढी सोडून.

आता खुर्चीत नीट बस. गेल्या गुरुवारी बाकोलोदच्या संघाचा मालक डॉन पाकिंग बोटीने आला. व्हरांड्यात बसून माझ्या कॉफीची तोंड भरून स्तुती केली, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं की हा माणूस काहीतरी मागायला आलाय. तो आपल्या बास्केटबॉल संघाला रुबेन सालासार द्यायला तयार आहे. होय, तोच रुबेन, ज्याने मागच्या जत्रेच्या अंतिम सामन्यात आपल्या पोरांना मैदानभर नाचवलं. बदल्यात त्याला दोन पोरं हवीत. एक बितोय, आणि दुसरा आपला नांते.

रुबेन येणार ही बातमी बाजारात माझ्याही आधी पोचली. खाटीक मला मटणात हाड कमी घालायला लागलाय. फादर रविवारी प्रवचनात त्याग या विषयावर घसरले आणि सारखे माझ्याकडे बघत होते. बर्फवाल्यांचा संघही बर्फासारखाच थंड, हे ऐकून ऐकून गाव कंटाळलंय आणि मीही. कुणाच्या बदल्यात ते मात्र मी कुणाला बोललेली नाही. नांतेलाही नाही.

खरं सांगते, मालकीण म्हणून मला रुबेन हवाय. पण त्याची आई लिदिया देवाघरी गेल्यापासून ज्या पोराच्या तापाला मी उशाशी बसले, त्याला डॉनच्या खेळाडूंच्या खोल्यांत राहायला धाडायला मन धजत नाही. करार झाला तर पाच वर्षं तो तिकडचाच. पोरगा तुझा आहे. तू सांगशील तसं करीन.

प्रकृतीला जप, आणि या थोरल्या बहिणीवर राग धरू नकोस.

तुझी,
मानांग फेली


जेद्दा,
२७ जून १९८४

ती. मानांग हिस, तुझा हात कपाळी लावून धाकट्याचा नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र वाचून जेवायचं विसरलो. रुबेन सालासार, आपल्या संघात! इथल्या खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं. इलोइलोचे, पंपांगाचे, सगळे खाटेवर उठून बसले आणि भांडायला लागले. सेबूचा एक जण म्हणतो, कोवळी पोरं देणारा संघ उद्या रडतो. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आम्ही रोजच रडतोय, एकदा हसू दे.

मानांग, मी बाप म्हणून नाही, बास्केटबॉल कळणारा माणूस म्हणून सांगतो. घे रुबेनला. तीन जण अंगावर आले तरी बास्केट करणारा खेळाडू मागून मिळत नाही. नांते चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण त्याचा नेम बसायला वेळ लागतो, आणि स्वतः टाकायचा तिथे चेंडू दुसऱ्याला देतो. तीन वर्षांनी तो मोठा खेळाडू होईलही, नाहीही होणार. रुबेन आज मोठा आहे. उद्याच्या आशेवर आजचा कप सोडायचा नसतो.

राहण्याचं म्हणशील तर मी जेद्दाला आलो, मेलो नाही. बाकोलोद काय, बोटीत एक डुलकी काढली की आलं. पोरगा घट्ट होईल. शहाणा आहे, समजून घेईल.

कप जिंकलात की फोटो पाठव. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
अर्नुल्फो


मियागाओ,
१५ जुलै १९८४

ताताय, तुमचा हात कपाळी लावून नांतेचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. म्हणजे आम्हा सगळ्यांनाच मिळालं. जपमाळेची प्रार्थना संपत होती, घर शेजाऱ्यांनी भरलेलं, आणि पोस्टमन दारात. तिया फेलीने पाकीट खिशात घातलं, पण कुणी तिला सोडेना. जेद्दाचं पत्र आलं आणि वाचलं नाही तर लोकांना वाटतं तिकडे काहीतरी वाईट झालं. शेवटी ती वाचायला लागली. माझं नाव आलं तसा तिचा आवाज खाली गेला. तर लोला पासिंग ओरडल्या की आम्हाला म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही, जरा मोठ्याने. मग तियाने सगळं मोठ्याने वाचलं.

तुम्ही काळजी करू नका. मला राग आलेला नाही. तुम्हाला बास्केटबॉल कळतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझा नेम उशिरा बसतो हे खरंच आहे. मी जायला तयार आहे. बितोयही तयार आहे, फक्त त्याची आई रडते.

तुम्ही मला खेळताना शेवटचं पाहिलं तेव्हा मी बराच बुटका होतो. आता तुमच्यापेक्षा उंच झालोय. तेवढं सांगायचं राहिलं होतं.

तुमचा आज्ञाधारक,
रेनांते


जेद्दा,
३० जुलै १९८४

ती. मानांग हिस नमस्कार.

वि. वि. नांतेचं पत्र आत्ता हातात पडलं. पत्र तू सगळ्यांसमोर वाचतेस, हे मी कसा विसरलो? दोष तुझा नाही. पण सगळ्यांसमोर वाचलं नसतंस तरी मी लिहिलं ते लिहिलंच होतं.

करारावर सही करू नकोस. केली असशील तर मोडता येतो का बघ. डॉनच्या पाया पड, माझं नाव सांग, माझ्या नावाने शिव्या घाल, काहीही कर. पोरगा मला लिहितो की काळजी करू नका. मानांग, तो मला धीर देतोय. मला इथे बसवत नाही. फोनसाठी रांग लावली तर लाइन लागत नाही.

लवकर लिही.

अर्नुल्फो


मियागाओ,
१ ऑगस्ट १९८४

चि. अर्नुल्फो यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. नांतेचं पत्र तुला पोचलं असेल, म्हणून तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. आधी एवढंच वाच: नांते घरी आहे, आणि घरीच राहणार आहे. आता पाणी पी आणि पुढे वाच.

त्या पत्रवाचनानंतर मी पोराच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही. तुझ्यावरही चिडले होते आणि स्वतःवरही. पण डॉनला शब्द दिला होता, तुझाही होकार आला होता. सोमवारच्या बोटीने दोघं जाणार आणि करारावर सही बाकोलोदला होणार असं ठरलं. त्याआधी रविवारी रुबेनच्या बाळाचा बाप्तिस्मा आमच्या चर्चमध्ये. त्याच्या बायकोची इच्छा, की नवी मालकीणच बाळाची धर्ममाता व्हावी. नाही कशी म्हणणार? मीच बाळाला पाण्यावर धरलं. गुबगुबीत आहे आणि घसा बापासारखाच मोठा.

मग आपल्याकडे जेवण. डुक्कर भाजलं, अर्धं गाव रुबेनच्या दंडाला हात लावायला आलं. पाहुणे पांगले तसा रुबेन मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला आणि तांदळाच्या पिंपावर बसला. मला वाटलं, पोट बिघडलं. मग पहिल्यांदाच बाळाच्या धर्ममातेच्या नात्याने हाक मारत म्हणाला, कुमारे, काल तुम्ही मालकीण होतात, आज माझ्या पोराची आई झालात, आता तुमच्याशी खोटं बोलवत नाही. त्याचा उजवा गुडघा संपलाय. प्रत्येक सामन्याआधी सुई घेऊन खेळतो. डॉक्टरने सांगितलंय की आणखी एक मोसम खेळलास तर काठी घेऊन चालशील. डॉनला सगळं ठाऊक आहे, म्हणून तर तो त्याला विकायला निघाला.

एवढा आडदांड माणूस, आणि मान खाली घालून रडत होता. आणि मी काय केलं असेल? मी हसले रे. हसू आवरेना. तो घाबरला, त्याला वाटलं मला वेड लागलं. मग मी त्याला मिठी मारली, उरलेलं डुक्कर केळीच्या पानात बांधून दिलं, आणि डॉनला त्याच संध्याकाळी निरोप धाडला की कॉफी संपली आहे. डॉन थयथयाट करतोय. करू दे.

नांतेला हे जेवताना सांगितलं. दोनदा भात घेतला आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. बितोयची आई मात्र माझ्या गळ्यात पडून रडली.

डॉनला आता तो नकोच आहे, म्हणून रुबेनला मी इथेच ठेवून घेतलंय. पोरांना नेम शिकवील, गुडघ्याला विश्रांती मिळेल. गाव म्हणतं, बाईने मोडका माणूस गळ्यात घेतला. खाटकाने मटणात पुन्हा हाडं वाढवली आहेत.

जिवाला जप. आता रात्री झोपत जा.

तुझी,
मानांग फेली


जेद्दा,
१९ ऑगस्ट १९८४

ती. मानांग हिस, तुझे दोन्ही हात कपाळी लावून नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि पहिली ओळ वाचून पायरीवरच बसलो. सेबूवाला वरून धावत आला, त्याला वाटलं घरी कुणी गेलं. मी म्हटलं, नाही रे, कुणी गेलं नाही, कुणीच कुठे गेलं नाही. तेच तेच सांगत होतो आणि रडत होतो. त्याने मला चहा पाजला आणि एकदाही ‘मी म्हटलं होतं’ म्हणाला नाही. भला माणूस आहे.

किती हलकं वाटतंय ते लिहिता येत नाही. रुबेनच्या गुडघ्याचं वाईट वाटतं, पण खोटं कशाला बोलू, त्या गुडघ्याच्या नावाने एक मेणबत्ती मी मनातल्या मनात लावली.

नांतेला वेगळं पत्र लिहिलंय. त्यात बास्केटबॉलचा एक शब्द नाही. उंची किती झाली, काय खातो, रात्री अजून बडबडतो का, एवढंच विचारलंय. डिसेंबरात रजा मिळेल असं साहेब म्हणतो. जत्रेत तुम्ही हरलात तर हरलात, मला तो खेळताना बघायचाय.

एक गोष्ट मात्र टोचते. पोरगा वाचला तो रुबेनच्या इमानामुळे. गुडघा धड असता तर माझ्या शब्दावर तो आज बाकोलोदला असता. म्हणून सांगतो मानांग, पुन्हा कुणी त्याला मागायला आलं, आणि देशातला सगळ्यात मोठा खेळाडू दोन्ही धडधाकट गुडघ्यांवर दारात उभा केला, तरी मला पत्र लिहून विचारत बसू नकोस. त्याचा बाप नाही म्हणालाय, असं सांग आणि दार लाव.

तुझ्या मायेवरच इथले दिवस निघतात, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
अर्नुल्फो