आठ गुरुवार

प्रिय सेनिंग,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकली असशील. साडेतीन वर्षांत तुझा एकही फोन मी उचलला नाही आणि आता थेट रियाधला पत्र. घाबरू नकोस, इकडे मिआगाओत सगळे धडधाकट आहेत. माग चालू आहे, आंबा यंदा चांगला लागलाय, आणि तुझ्या थोरल्या बहिणीची, या मनांगची, कंबर अजून दुखतेच आहे.

आई गेल्यानंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना आटोपल्यावर तू मला परसात घेऊन बसलीस आणि हळूच म्हणालीस, "मनांग, कमरेचे फोटो काढून झाले, गोळ्या झाल्या. एकदा मानसोपचारवाल्यांना भेटून बघ ना." मला ते फार लागलं. चालत्या जीपनीतून पडल्यापासून इतकी वर्षं सोसतेय, आणि सख्खी बहीण, तीही नर्स, म्हणते हे सगळं माझ्या डोक्यात आहे! तू तसं म्हणाली नव्हतीस, पण मी तेच ऐकलं. मग मी जे बोलले ते तुला आठवत असेलच. "आई जाताना तुला यायला झालं नाही, आणि आता मला वेडी ठरवायला आलीस होय?" दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उचलून गेलीस.

तर सांगायचं म्हणजे, मी गेले मानसोपचारवाल्यांकडे. फेब्रुवारीत चर्चमध्ये गुडघे टेकले ते उठताच येईना. दोघांनी धरून उचललं, सगळ्या गावासमोर. त्या लाजेनं गेले म्हण. इलोइलोच्या इस्पितळात दर गुरुवारी आम्हा सात-आठ दुखणेकऱ्यांना एकत्र बसवतात, आठ आठवडे. डॉक्टर विलारेते म्हणजे अगदी पोरगी. मी दारातच ठणकावलं, "मी वेडी नाही." ती म्हणाली, "माहीत आहे. तुमचं दुखणं खरं आहे, म्हणूनच तर इथे बोलावलंय." मला रडूच कोसळलं. शेजारी गोर्यो नावाचे म्हातारे कोळी बसले होते, खांदा धरून. म्हणाले, "लवकर आटपा बाई, मलाही रडायचंय."

ती सांगायची, जुनी जखम भरून आली तरी नसा सावध राहायला शिकलेल्या असतात. भीती, राग, झोपमोड त्यांना आणखी चेतवतात. दुखणं पुरतं जाईल असं ती एकदाही म्हणाली नाही. मी पूर्वी काय करायचे? जरा बरं वाटलं की दिवसभर मागावर बसून धोटा मारायचा आणि मग चार दिवस आडवी. आता घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसायचं. बरं वाटत असलं तरी उठायचं, आणि नको वाटत असलं तरी थोड्या वेळानं परत बसायचं. कळ आली की मनात येतं, संपलं माझं. ते येऊ द्यायचं, त्याच्याशी भांडायचं नाही, श्वास लांब सोडायचा. गोर्यो म्हणाले, "समुद्रावर आम्ही जन्मभर हेच केलं, त्याला डॉक्टर कशाला?" पण गुरुवार एकही चुकवला नाही त्यांनी. मीही नाही. आता दिवसाकाठी दोन तास विणते, सेनिंग. पूर्वीच्या मानानं काहीच नाही. पण ते दोन तास माझे असतात.

एक वहीही ठेवायची होती: कधी दुखलं, किती दुखलं. सहाव्या गुरुवारी ती चाळता चाळता डॉक्टर थांबली. "रविवारी दुपारी काय असतं?" मी म्हटलं, "काही नसतं." "पूर्वी काय असायचं?" मी वही परत मागितली. पूर्वी रविवारी दुपारी तुझा फोन यायचा.

शेवटच्या गुरुवारी तिनं प्रत्येकाला विचारलं, दुखणं आहे तसंच राहिलं तरी काय करायचं राहून जाऊ नये? गोर्योंना बायकोबरोबर जत्रेत नाचायचंय. मी म्हटलं, "बहिणीला एक गोष्ट सांगायचीय." ती म्हणाली, "सांगा. पण त्यानं कंबर बरी होईल म्हणून नको." म्हटलं, तेवढं कळतं मला.

आई शेवटचे नऊ दिवस अंथरुणाला खिळली होती. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, कुणाला बोलवायचं तर बोलवून घ्या. आई सारखी तुझं नाव घेत होती. आणि तू फोनवर विचारलंस तेव्हा मी सांगितलं, "साधा ताप आहे, उगाच सुट्टी वाया घालवू नकोस." वर्षानुवर्षं तिला उठवायची, बसवायची, न्हाऊ घालायची मी, या कमरेनिशी, आणि शेवटी तिनं हाक मारली तुला. मला ते सोसलं नाही. ती विचारायची, "सेनिंग आली का?" मी म्हणायचे, "वाटेत आहे." तेवढं ऐकून तिचा डोळा लागायचा. नंतर त्याच गोष्टीवरून मी तुला टोमणा मारला. तू आजवर स्वतःला दोष देत आली असशील, तर नको देऊस. तू आली असतीस. मी येऊ दिलं नाही. दुखण्यानं माणूस कडवट होतं, असं कुणीही मला समजावेल, डॉक्टरसुद्धा. पण हे दुखण्यानं केलं नाही, सेनिंग. मी केलं.

कितीही रागावलीस तरी तुझीच,
मनांग लुडिंग